पुण्याहून दा नांगला पोकर खेळायला जाताना

गोव्याच्या कॅसिनोत हात बसला की बहुतेकांच्या मनात पुढचा प्रश्न येतो: बाहेर कुठे जायचं? पहिल्या परदेशवारीसाठी व्हिएतनाम सगळ्यात सोयीचं. व्हिसा स्वस्त, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे, आणि हनोई, दा नांग, हो चि मिन्ह सिटी या तिन्ही शहरांत आंतरराष्ट्रीय टूर्नामेंट मालिका झाल्या आहेत. त्यातही पत्ते, समुद्र, जेवण आणि जुनी देवळं दीड-दोन तासांच्या टप्प्यात हवी असतील तर दा नांग निवडा. सप्टेंबर ते डिसेंबर मात्र टाळा. तो तिथला पावसाळा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या होई आनच्या गल्ल्यांतून होड्या चालतात.

आधी वेळापत्रक, मग तिकीट

मालिकेचं वेळापत्रक हातात येईपर्यंत विमान बुक करू नका. मेन इव्हेंटचा, म्हणजे मालिकेतल्या मुख्य स्पर्धेचा, पहिला दिवस १ए, १बी, १सी असा फोडलेला असतो. यातला कुठलाही एक खेळायचा, आणि चिप्स शिल्लक राहिल्या तर त्या पिशवीत बंद करून दुसऱ्या दिवसाच्या फेरीला न्यायच्या. आमचा सल्ला ठाम आहे: १ए खेळा. बाहेर पडलात तर पुन्हा बाय-इन (प्रवेशाचे पैसे) भरायला १बी उरतो. टिकलात तर १बी आणि १सी चे दिवस पूर्ण मोकळे मिळतात, आणि भटकंती त्याच दिवसांत बसवायची. बरेच जण उलट करतात. आधी चार दिवस फिरून पाय दुखवून घेतात आणि शेवटच्या फ्लाइटला थकून बसतात. मग बाद झाले की ना खेळायला दिवस, ना बघायला काही उरलेलं.

निघायच्या दिवशी फायनल टेबल (अंतिम फेरी) नसेल असं परतीचं तिकीट घ्या, शक्यतो तारीख बदलता येणारं. मुंबईहून हनोई किंवा हो चि मिन्ह सिटीला थेट विमान मिळतं, तिथून दा नांगला साधारण सव्वा तास. इमिग्रेशन आणि सामान पहिल्याच विमानतळावर होतं, त्यामुळे मध्ये चार तास ठेवा. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्यावर सामानाची मर्यादा कमी असते, ती आधी वाचा. पुण्यातून मुंबई विमानतळ गाठताना खंडाळ्याचा घाट हिशेबात धरा. विमानाच्या वेळेआधी सात-आठ तास घर सोडलं तर जीव टांगणीला लागत नाही.

ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असतो, एका प्रवेशाचा २५ डॉलरला. तो शासकीय संकेतस्थळावरूनच काढा. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट उकळतात. अर्ज अडतो तो नावावरून. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असेल तर ते तसंच्या तसं लिहायचं, गाळायचं नाही. प्रवेशाचं ठिकाण म्हणून ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरणार तोच निवडा.

पैसे

प्रवासाचा आणि खेळाचा पैसा दोन वेगळ्या पाकिटांत. मेन इव्हेंटसाठी तीन बुलेट्सची, म्हणजे तीनदा बाय-इन भरायची, तयारी ठेवा आणि तिन्ही गेल्या असं धरूनच निघा. अशा स्पर्धेत साधारण १२ ते १५ टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं, म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठतो. बाय-इन ‘१००० अधिक १२०’ असा लिहिलेला असेल तर १२० आयोजकांचे. बजेट करताना बेरीज धरा.

कॅम्प किंवा डेक्कनवरच्या अधिकृत मनी चेंजरकडून जाताना ३,००० डॉलरपर्यंतच रोख नेता येते, बाकी फॉरेक्स कार्डवर. एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली रक्कम १० लाखांवर गेली की टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर) लागतो. फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत लॉटरी आणि स्वीपस्टेकसारख्या गोष्टींसाठी पैसे बाहेर पाठवायला मनाई आहे, त्यामुळे बाय-इन इथून थेट वायर करायचा विचार असेल तर आधी सीएला विचारा. घरबसल्या ऑनलाइन सॅटेलाइट (मोठ्या स्पर्धेत जागा मिळवून देणारी छोटी स्पर्धा) जिंकून जायचा मार्गही ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद झाला आहे.

व्हिएतनाममध्ये शिरताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टम्सकडे जाहीर करावी लागते, आणि बाहेर पडतानाही तोच आकडा पाहिला जातो. जिंकलात तर आयोजकांकडून रकमेची सही-शिक्क्याची पावती घ्या, आणि मोठी रक्कम रोख नेण्याआधी तिथल्या बँकेच्या परवानगीचं विचारा. ही चौकशी विमानतळावर नको, पैसे हातात घेतानाच करा.

डोंगच्या नोटांनी हमखास गोंधळ होतो. २०,००० आणि ५ लाख, दोन्ही निळ्या. रात्री बारा तास खेळून बाहेर पडल्यावर कॉफीसाठी वीस हजारांऐवजी पाच लाख देणारे कमी नाहीत. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. हिशेबासाठी तीन शून्यं काढायची आणि साडेतीनने गुणायचं. ५०,००० डोंग म्हणजे अंदाजे १७५ रुपये.

टेबलावर

नोंदणीला मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. खोली थंडगार असते, स्वेटर न्याच. हात, म्हणजे पत्त्यांचा एक डाव, चालू असताना फक्त इंग्रजी बोलायचं. समोर दुसरा पुणेकर बसला असेल तर ‘अरे, सोड ना’ एवढं म्हटलं तरी दंड होऊ शकतो, कारण एका हातावर एकानेच खेळायचं हा नियम आहे.

सर्वांत महाग पडते ती मोठी चिप. ब्लाइंड्स (दोघांनी आधीच सक्तीने लावायच्या रकमा) ५००–१,००० आहेत, तुम्हाला ३,००० ला रेझ करायचंय, म्हणजे रक्कम वाढवायचीय, आणि तुम्ही काही न बोलता ५,००० ची एक चिप पुढे टाकलीत. ते रेझ नाही, १,००० चा कॉल, म्हणजे नुसती बरोबरी, झाली. आधी तोंडाने आकडा सांगा, मग चिप टाका. तसंच चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या तर पहिला हप्ताच धरला जातो. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, दोन्ही पत्ते उघडे ठेवा, आणि पॉट (मधे जमलेली रक्कम) तुमच्याकडे सरकेपर्यंत ते सोडू नका.

बाकरवडी सोबत जरूर न्या, पण हॉटेलच्या खोलीत. तेलकट बोटांनी पत्ते धरलेले डीलरला दिसले तर तो डेक बदलतो आणि टेबलावरचे नऊ जण तुमच्याकडे बघतात.

हॉटेलच्या खोलीत कोणी ‘खासगी कॅश गेम’ला बोलावलं तर जाऊ नका, परवानाधारक जागेबाहेर पैशांनी खेळणं तिथे गुन्हा आहे. बँकॉकमार्गे परतणाऱ्यांनीही पत्ते बॅगेतच ठेवावेत. थायलंडमध्ये १२० पेक्षा जास्त पत्ते बाळगण्यावरसुद्धा कायदा आहे, आणि २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या वयस्कर परदेशी मंडळींना त्याच कारणाने पोलिसांनी उचललं होतं.

पोट

खेळ दुपारी सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत चालतो. डिनर ब्रेक तासाभराचा, आणि त्या वेळी जवळच्या हॉटेलात सगळं टेबल एकदमच येतं. म्हणून मोठं जेवण सकाळी दहाला उरकावं. दा नांगचं खरं खाणं म्हणजे ‘मी क्वांग’: हळदीच्या पिवळ्या रुंद शेवया, थोडासाच रस्सा, वर शेंगदाण्याचा कूट आणि तिळाचा तांदळाचा पापड. बान्ह सेओ हे तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, घावनासारखं. पोटात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. पाल्याबरोबर राइस पेपरमध्ये गुंडाळून खायचं.

यातलं काही न खाणाऱ्यांनी चार शब्द पाठ करावेत: बो म्हणजे गोमांस, हेओ डुकराचं, गा कोंबडी, तोम कोळंबी. फो या शेवयांच्या सूपच्या रश्शात बहुधा गाईची हाडं उकळलेली असतात, वरचे तुकडे काढून काही उपयोग नाही. शाकाहारींनी पाटीवर सी-एच-ए-वाय ही अक्षरं शोधावीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, तिथले बरेच लोक मांस सोडतात, तेव्हा अशा हॉटेलांत गर्दी आणि पदार्थ दोन्ही जास्त. बाकी ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो. ‘नुओक माम (तोच सॉस) नको’ हे फोनवर त्यांच्या भाषेत लिहून दाखवा.

कॉफी कडक रोबस्टाची. दुसऱ्या दिवशी खेळ असेल तर संध्याकाळी सहानंतर टाळा.

मोकळे दिवस

पहिला मोकळा दिवस ‘मी सोन’ या देवळांच्या जागेचा. दा नांगहून सुमारे ७० किलोमीटर, चाम (तिथलं जुनं चंपा राज्य) राजांनी शतकानुशतकं बांधलेली विटांची शिवमंदिरं, १९९९ पासून जागतिक वारसा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाला तिथे जतनाचं काम करताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी सातला पोचा. दहानंतर ऊन आणि बसभर पर्यटक. होई आन ३० किलोमीटरवर. चांद्र महिन्याच्या १४ तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या रात्री, जुन्या गावात दिवे मालवून कंदील लावतात.

पुणेकराचा हात स्कूटरकडे जातोच, पण आवरा. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक करारानुसार निघतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारते. अॅपवरून बाइक-टॅक्सी बोलवा.

परतल्यावर

मुंबईत उतरताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त परकीय नोटा, किंवा सगळं परकीय चलन मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरा. उरलेले डॉलर १८० दिवसांत परत करायचे; २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतात. जिंकलेल्या रकमेवर भारतात ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर आणि लागू असल्यास अधिभार. यातून बाय-इन, विमान, हॉटेल काहीच वजा होत नाही. तीन बुलेट्स भरून चौथीत जिंकलात तरी कर जिंकलेल्या पूर्ण रकमेवर बसतो. तिथे काही कर कापला असेल तर त्याचा दाखला तिथूनच घेऊन या, नंतर ईमेलवर तो मिळवायला महिने जातात.