सोलापूरच्या उन्हात गच्ची: स्लॅबवर इन्सुलेशन कसं बसवायचं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे खरे हाल होतात ते रात्री. दिवसभर तापलेला 5 इंची स्लॅब अंधार पडल्यावर खोलीत उष्णता सोडत राहतो. रात्री दहाला पंखा लावला तरी वरून गरम वाराच अंगावर येतो.

यावर पुष्कळ जण आतून पीओपीचं सिलिंग करून घेतात. खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब उन्हातच राहतो. 10 मीटर लांबीचा स्लॅब 30 अंशांनी तापला की साधारण 3 मिमी लांबतो आणि रात्री तेवढाच आकसतो. रोजच्या या ओढाताणीने चिरा जातात, जूनमध्ये त्याच चिरांतून पाणी उतरतं. म्हणून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, स्लॅबच्या डोक्यावरच हवं. जुनी माळवदांची (मातीच्या सपाट छताची) घरं थंड राहायची ती वरच्या जाड मातीमुळेच.

ब्रिकबॅट कोब्यावर (विटांचे तुकडे आणि मसाल्याच्या थरावर) मात्र भरवसा ठेवू नका. तो ढाळ देण्यासाठी असतो. 4 इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला 180-200 किलो भरतं आणि उष्णता मात्र फारशी अडत नाही. 50 मिमी जाडीची एक्सपीएस शीट (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिन, म्हणजे घट्ट फोमची पाटी) त्याच्या कितीतरी पट उष्णता अडवते आणि तिचं वजन चौरस मीटरला दोन किलोही नसतं. घनता 32 ते 36 किलो प्रति घनमीटर असलेलीच शीट मागा. पांढरा थर्माकोल इथे चालत नाही. तो पाणी धरतो आणि पायाखाली दबतो.

शीटवर 50 मिमी काँक्रीट येतं, म्हणजे चौरस मीटरला 120 किलो. वर टाइल्स वेगळ्या. गच्चीवर आधीच कोब्यावर कोबा चढवलेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका; बहुतेक वेळा जुना कोबा फोडावा लागतो. उंचीही मोजून घ्या. सगळे थर मिळून साडेचार इंच होतात. दाराचा उंबरठा त्याच्या वर निदान 2 इंच उरला पाहिजे, आणि कठडा नव्या फरशीपासून 1 मीटरपेक्षा कमी होता कामा नये.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात काँक्रीट दुपारपर्यंतच सुकून तडकतं.

आधी वॉटरप्रूफिंग. याला घाई करू नका, कारण एकदा शीट झाकली की खालची गळती शोधायला सगळं उखडावं लागतं. ढाळ 10 फुटांना सव्वा इंच, थेट पन्हाळीच्या तोंडाकडे. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. चिरा 10 मिमी खोल-रुंद खाच मारून पॉलिमर मॉर्टरने भरा. कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई द्या आणि वॉटरप्रूफ कोट कठड्यावर फुटभर चढवा. पाण्याच्या टाकीचे, सोलरचे, डिशचे ओटे आत्ताच बांधून घ्या. मग पन्हाळी बंद करून दीड-दोन इंच पाणी 48 तास तुंबवा आणि खालच्या खोलीच्या छतावर ओल दिसते का, रोज पाहा.

500 चौरस फुटांच्या गच्चीला 1250 × 600 मिमीच्या 62 शीट लागतात. तूट धरून 65 आणा. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून लावा. फटीत त्याच शीटची पट्टी ठोका. गवंडी सवयीने तिथे मसाला भरतो, पण मसाल्यातून उष्णता सरळ खाली उतरते. शीट चिकटवायला सॉल्व्हंटचा गोंद किंवा गरम डांबर वापरलं तर शीट विरघळते. उघडी शीट उन्हात वाकते, आणि अवकाळी पाऊस आला तर पाण्यावर तरंगून जागा सोडते. त्यामुळे सकाळी जेवढी अंथराल तेवढी संध्याकाळपर्यंत काँक्रीटखाली गेली पाहिजे. घमेली वाहायला फळ्या टाका. टाचेचे खड्डे पडले की वरचं काँक्रीट तिथे पोकळीवर बसतं.

शीटवर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारं सिंथेटिक कापड), त्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी). मेश काँक्रीटच्या मधोमध उचललेली हवी, तळाशी पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही. मग बारीक खडीचं 1:2:4 (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट 50 मिमी. 500 चौरस फुटांना सिमेंटची सुमारे 15 पोती. मध्ये सांधे ठेवून 5 × 5 फुटांचे चौकोन पाडा आणि कठड्यालगत चारही बाजूंनी 12 मिमी फट ठेवा. ही फट सिमेंटने बुजवली तर तापलेलं काँक्रीट कठड्यालाच रेटतं आणि बाहेरच्या प्लास्टरला आडवी भेग जाते. फटीत फोमची दोरी दाबून वर पीयू सीलंट (रबरासारखा लवचिक भराव) भरा.

पाणी किमान 7 दिवस मारा, ओली पोती अंथरून. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा काँक्रीटचा दिवस पाण्याच्या दिवसाशी जुळवा आणि दोन टिपाडं वेगळी भरून ठेवा.

वर पांढऱ्या, खरखरीत टाइल्स. गुळगुळीत टाइलवरून पावसात पाय घसरतो. टाइलचा सांधा काँक्रीटच्या सांध्यावरच आला पाहिजे, नाहीतर टाइल मधोमध फुटते. गच्चीवर कुरडया-सांडगे वाळवायचे असतील आणि रात्री अंथरूण टाकायचं असेल, तर हा पातळ थर सोयीचा: दुपारी चांगला तापतो, संध्याकाळी लवकर निवतो.

एवढा खर्च यंदा जमत नसेल तर मार्चमध्ये भिजवून गाळलेल्या चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात द्या. फरक पडतो, पण पावसात धुऊन जातो. दरवर्षी द्यावा लागेल.

पुढे कधी केबलवाला किंवा सोलरवाला आला तर त्याला फरशीत ड्रिल मारू देऊ नका. जे ठोकायचं ते बांधलेल्या ओट्यावरच.