केस जरा जास्तच गळतायत का? असं चेक करा
रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, त्यामुळे कंगव्यात गुंता दिसला की लगेच घाबरू नका. खरं लक्ष ठेवायचं ते भांगावर, तो रुंद होतोय का, पुरुषांचे कपाळाच्या कोपऱ्यांवरून केस मागे सरकतायत का, दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढा म्हणजे फरक लगेच कळतो.

अजून एक, ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढा, सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. मोठा ताप किंवा बाळंतपणानंतर २-३ महिन्यांनी भसाभस जातात, ते बहुतेक परत येतात. पण गोल चट्टा पडला तर तेलं बदलत बसू नका प्लीज, सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.