सांडपाणी व्यवस्थापन क्षेत्र: पोटनियम लिहायला बसण्याआधी

समुद्रकाठच्या लहान शहरात सगळीकडे भुयारी गटार नेणं बहुतेक वेळा परवडत नाही. घरोघरी सेप्टिक टाक्या असतात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, आणि खाडीतले शिंपले काढायला बंदी आली की मग सभा भरतात. टाक्या मालकांच्याच ठेवायच्या, पण त्यांची तपासणी, उपसा आणि दुरुस्ती वेळेवर होते की नाही हे बघायची जबाबदारी एका सार्वजनिक यंत्रणेने घ्यायची, याला सांडपाणी व्यवस्थापन क्षेत्र म्हणतात. सुरुवात सहसा पोटनियमाच्या मसुद्याने होते. माझ्या मते तो कागद बराच नंतरचा. आधी टाक्यांची नोंद हवी, आणि उपसलेला मैला ओतायला जागा हवी.

अधिकाराचं मात्र पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. खासगी आवारात शिरून झाकण उघडायचा, शुल्क लावायचा आणि दंड करायचा हक्क वरचा कायदा देतो का? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने १९८७ मध्येच कायदा करून नगरांना अशी क्षेत्रं स्थापायची मुभा दिली. असा आधार नसेल तर पहिल्याच दाव्यात काम अडकेल.

मग हद्द. नगराची सीमा आणि पाण्याचा उतार जुळत नाहीत. जमिनीखालचं पाणी कुठल्या खाडीकडे जातं ते बघून नकाशावर रेघ मारा. शेजारच्या नगराचा भाग त्यात येत असेल तर त्यांना आत्ताच बोलवा, ठराव झाल्यावर नको. नुसती किनाऱ्यालगतची पट्टी घ्यायचा मोह होतो. ती सोपी असते, पण खाडीचं पाणी बिघडवणारा सांडपाण्यातला नायट्रोजन आतल्या घरांमधूनही येतो.

आता नोंदणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाही हवा. घरपट्टीच्या यादीतून भुयारी गटाराला जोडलेली घरं वगळा. उरलेल्या प्रत्येक घराला टाकी, शोषखड्डा किंवा काहीतरी आहेच. जुने आराखडे दप्तरात सापडतील अशी फार आशा धरू नका. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यांना विचारा, कुणाचं झाकण कुठे पुरलंय हे त्यांना नगरपालिकेपेक्षा चांगलं माहीत असतं. नोंदीत टाकीचं वय, आकारमान, विहिरीपासून आणि पाण्यापासूनचं अंतर, शेवटच्या उपशाची तारीख, आणि घर वर्षभर वापरात असतं की फक्त सुट्टीच्या हंगामात, एवढं आलंच पाहिजे. साधे शोषखड्डे, म्हणजे टाकीशिवाय मैला सरळ जमिनीत मुरवणारे, वेगळ्या रंगाने दाखवा, पहिला घाव तिथेच घालायचा आहे. ऱ्होड आयलंडच्या २००७ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० फुटांच्या आतले असे खड्डे आधी बंद करायला लावले.

तपासणी कशी करायची ते निरीक्षकांना लिहून द्या, नाहीतर झाकणाकडे नुसतं बघून ‘ठीक’ असा शेरा पडेल. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या नळीच्या वर असेल तर पुढचं शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतलं पाणी जिथे मातीत मुरतं ती जागा, तुंबलेलं आहे. खाली असेल तर टाकी गळते. गाळाचा माथा त्या नळीपासून १२ इंचांच्या आत किंवा तवंगाचा तळ ६ इंचांच्या आत आला की उपसा करायचाच. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट करा: थोड्या टाक्या पुनव-अमावास्येच्या उधाणाला, उपसा झाल्या झाल्या उघडून बघा. भिंतीच्या सांध्यातून पाणी पाझरत आत येत असेल तर भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढण्याच्या, दिवसांत तेच पाणी मैल्यासकट बाहेर जातं. पण रिकामी टाकी फार वेळ तशीच ठेवू नका. हलकी प्लॅस्टिकची टाकी भूजलाच्या दाबाने जमिनीतून वर उचलली जाते.

उपसलेल्या मैल्याचा हिशोब कागदावर मांडा. समजा १,५०० टाक्या आहेत, प्रत्येकीचा उपसा तीन वर्षांतून एकदा. म्हणजे वर्षाला ५००, आणि टाकीमागे ३,८०० लिटर धरले तरी १९ लाख लिटर. हे घ्यायला कुठल्या प्रक्रिया केंद्राने लेखी होकार दिलाय? पत्र हातात नसेल तर सक्तीचा उपसा जाहीर करू नका. टँकर रात्री कुठेतरी रिकामे होतील.

मानकांबद्दल थोडं. कोरड्या मातीचा पुरेसा थर असेल तर जंतू त्यात अडकतात, म्हणून भूजलापासूनचं अंतर महत्त्वाचं. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात ते ४ फूट आहे, पाणी झरझर मुरणाऱ्या वाळूत ५ फूट. समुद्र चढला की किनाऱ्याजवळचं भूजलही चढतं, तेव्हा अंतर आजच्या पातळीवरून मोजून समाधान मानू नका. नायट्रोजनला मात्र माती फारशी अडवत नाही, तो नायट्रेट होऊन भूजलाबरोबर खाडीत उतरतो. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात. त्यांना वीज लागते, देखभालीचा करार लागतो, आणि घर महिनोन्महिने बंद राहिलं की त्यातले नायट्रोजन काढणारे जीवाणू उपाशी पडतात. मॅसॅच्युसेट्सच्याच केप कॉड या द्वीपकल्पावर २०२३ पासून नगरांपुढे सरळ निवड आहे: नायट्रोजन कमी करायचा आराखडा देऊन पाणलोटासाठी २० वर्षांचा परवाना घ्या, नाहीतर घरमालकांना ही यंत्रं बसवावी लागतील.

पैसा दोन खात्यांत ठेवा. नोंदणी आणि तपासणीचा खर्च टाकीमागे ठरावीक वार्षिक शुल्कातून निघावा. टाकी बदलायचा खर्च अनेक घरांना एकरकमी झेपत नाही, त्यासाठी कमी व्याजाचं कर्ज पहिल्या नोटिशीसोबतच देता आलं पाहिजे. नोटीस आधी आणि कर्ज वर्षभराने, असं झालं की विरोध संघटित होतो, आणि तो रास्तही असतो.

माणूस पूर्णवेळ एक तरी नेमा. संगणकाची प्रणाली साधी चालेल.

आणि पाण्याचे नमुने अंमल सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर ‘पूर्वी किती होतं’ हे कुणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेत शिंपल्यांच्या पाण्याला विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरला सरासरी १४ आहे. गळक्या टाक्या दुरुस्त झाल्या की हा आकडा तुलनेने लवकर हलतो. नायट्रेटचं तसं नाही. आतल्या भागातून निघालेलं भूजल खाडीपर्यंत पोहोचायला वर्षं घेतं. म्हणून वार्षिक अहवालात दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवा, आणि नायट्रेटच्या तक्त्याखाली फरक साधारण किती वर्षांनी दिसेल ते पहिल्याच वर्षी छापा.