जुनी रणभूमी कशी पाहावी
रणभूमीवर पोहोचल्यावर स्मारकांआधी, जुना नकाशा हाती घेऊन, जमिनीचे चढउतार पायी फिरून पाहावेत. बेल्जियममधील वॉटर्लूला १८ जून १८१५ रोजी नेपोलियनच्या फ्रेंच फौजेशी लढताना ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने बरेचसे सैन्य टेकाडामागच्या उतारावर ठेवून फ्रेंच तोफांच्या नजरेआड राखले; हे फ्रेंचांच्या बाजूने उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही. मात्र पुढे सिंहस्मारकाच्या टेकडीसाठी तिथलीच माती उपसल्याने टेकाडाची मूळ उंची बरीच घटली आहे, हे ध्यानात ठेवावे. आज ड्रोनला मागचा उतारही वरून दिसला असता, तेव्हा हे सैन्य कुठे दडले असते, याचा तर्क जागेवरच करावा. माझ्या मते त्या सैन्याला विखुरण्यावाचून गत्यंतर नसते. फ्रान्समधील व्हर्दँला पायवाट अजिबात सोडू नये, कारण पहिल्या महायुद्धातल्या १९१६च्या लढाईतील न फुटलेले, गंजलेले तोफगोळे आजही जमिनीत आहेत.