आधी जठर धुवा, मग निळा दिवा लावा

जठराचा कर्करोग लवकर हेरायचा तर तोंडातून दुर्बीण, म्हणजे स्कोप, घालून जठर आतून पाहावं लागतं. शिकायला येणारी मुलं स्कोप आत घातला रे घातला की एनबीआयचं, म्हणजे निळ्या-हिरव्या उजेडाचं बटण दाबतात. मी त्यांचा हात बाजूला करतो. जठराची पोकळी मोठी. लांबून त्या निळ्या-हिरव्या उजेडात नुसता काळोख दिसतो. संशयास्पद डाग शोधायचा तो साध्या पांढऱ्या उजेडात. सापडला की त्याची उलटतपासणी घ्यायला निळा दिवा.

खरं काम रुग्ण टेबलावर येण्याआधीच सुरू होतं. १५-२० मिनिटं आधी पाण्यात सिमेथिकोन आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन मिसळून पाजा. फेस आणि चिकट थर दोन्ही सुटतात. पूर्वी मी याचा कंटाळा करायचो. मशेरी लावणाऱ्या एका मावशींच्या अँग्युलसवर, म्हणजे जठराच्या आतल्या वळणावर, फेस होता, तो तसाच ठेवून पुढे गेलो. दीड वर्षानं त्या परत आल्या तेव्हा तिथे चांगला मोठा व्रण होता. त्या फेसाखाली तेव्हा काय होतं, हे मला कधीच कळणार नाही.

आत गेल्यावर घड्या उलगडेपर्यंत हवा भरा. पाण्याची धार डागावर मारू नका, वरच्या अंगाला सोडून ओघळू द्या. सक्शन भिंतीला चिकटलं की लाल ठिपका उमटतो, आणि मग आपणच केलेल्या ठिपक्याला आपण घाबरतो. जपानमध्ये फुकुओकाच्या डॉक्टर केन्शी याओंनी २२ फोटोंची ठरलेली फेरी आखून दिली आहे. मी तीच पाळतो. एकही कोपरा सुटत नाही. घाई नको, जठरात किमान सात मिनिटं काढा. आजूबाजूपेक्षा किंचित लाल किंवा फिकट जागा, मध्येच तुटलेली घडी, जरा स्पर्श होताच झिरपणारं रक्त दिसलं की थांबा.

आता निळा दिवा. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा हा उजेड हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. स्कोपच्या टोकाला मऊ काळी टोपी लावली असेल तर भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर स्थिर राहतं. झूम पूर्ण करा आणि पहिला प्रश्न विचारा: डागाला स्पष्ट सीमारेषा आहे का? नसेल तर बहुधा ती सूज. असेल तर आतल्या वाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी पाहा. दोहोंपैकी एकही वेडीवाकडी असेल, तर तो कर्करोग समजूनच पुढे चाला.

एका ठिकाणी मात्र हा दिवा फसवतो. फिकट, सपाट डागात पेशी कधीकधी पृष्ठभागाखालून पसरतात आणि सीमारेषा उमटतच नाही. तिथे दिव्याशी वाद घालत बसू नका, तुकडा घ्या.

बायोप्सी सगळ्यात शेवटी, कारण रक्त आलं की नक्षी संपली. नेम धरून एक-दोन तुकडे पुरेत. चार-पाच ओरबाडलेत तर तिथे वण धरतो, आणि पुढे ईएसडीनं, म्हणजे स्कोपमधूनच अस्तराचा थर कापून, डाग सोलून काढणाऱ्याचे हाल होतात. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर नुसतं ‘अँट्रम’ (जठराचा खालचा भाग) लिहून पाठवू नका. ‘अँग्युलस, मागची भिंत, ८ मिमी, किंचित खोलगट, सीमारेषा स्पष्ट’ असं लिहा आणि झूम केलेला फोटो सोबत जोडा.