स्पोर्ट्स बाइकचा मागचा टायर बदलायचाय? आधी रिम वाचा

दुकानात शिरल्या शिरल्या "कुठल्या कंपनीचा देऊ?" असं विचारतात. त्याचं उत्तर नंतर द्या. आधी चाकाजवळ खाली बसा आणि अलॉयच्या आऱ्यावर किंवा रिमच्या कडेला ओतलेला आकडा शोधा. केटीएम 390 ड्यूक किंवा आरसी 390 च्या मागच्या चाकावर तो 17 आणि 4.00 असा सापडेल: 17 इंच व्यास, 4 इंच रुंदी. या रुंदीवरच टायर किती जाड बसेल ते ठरतं. डोळ्यांना काय भारी दिसतं, याला इथे किंमत नाही.

मूळ टायर 150/60 आर17 आहे. म्हणजे रुंदी 150 मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या 60 टक्के म्हणजे 90 मिलिमीटर, आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. तरी बरेच जण 160/60 मागतात. तो टायर 4.50 इंची रिम धरून घडवलेला असतो. 4 इंचावर काही कंपन्या तो चालवून घेतात, काही घेत नाहीत. त्यामुळे टायरवाल्याच्या "बसतो की" वर न जाता कंपनीच्या तक्त्यात त्या मॉडेलपुढे कुठली रिम दिलीय ते बघा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही बीड (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडा) आत ओढले जातात आणि माथा, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, टोकदार होतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा उलट लहान होतो, कडेचं रबर पुरेसं वापरलंच जात नाही. जाड टायर घेतला आणि ग्रिप कमी झाली, ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

आता प्रोफाइल, म्हणजे 150/60 मधला 60: रुंदीच्या मानाने साइडवॉलची उंची. गाडीच्या वागण्यात रुंदीपेक्षा उंचीने जास्त फरक पडतो, आणि नेमकं तिकडेच कुणाचं लक्ष नसतं. हिशेब सोपा आहे: साइडवॉलची उंची दुप्पट करा, त्यात रिमचे 431.8 मिलिमीटर मिळवा. 150/60 चा व्यास 611.8 येतो, 160/60 चा 623.8. म्हणजे गाडी मागून 6 मिलिमीटर उचलली जाते. साधारण 1340 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांतल्या अंतरावर) पुढच्या फोर्कचा कोन पाव अंशाने उभा होतो. गाडी वळणात पटकन झुकते, पण वेगात सरळ जाताना थोडी चुळबुळते. घेरही जवळपास दोन टक्के वाढतो, म्हणजे गियरिंग तेवढंच लांब होतं आणि पिकअप किंचित सुस्तावतो.

यामाहा आर15 च्या तिसऱ्या आवृत्तीत उलटं होतं. तिचा मूळ टायर 140/70 आर17, व्यास 627.8. त्या जागी "जाड" म्हणून 150/60 घातला की व्यास 16 मिलिमीटरने घटतो आणि गाडी मागून 8 मिलिमीटर बसते. दिसायला टायर रुंद, पण वळणात घालायला गाडी जड लागते. त्याच वेगाला 8000 ऐवजी साधारण 8200 आरपीएम लागतात. 155 सीसीच्या इंजिनावर जास्त वजनाचं चाक फिरवायचं ओझं येतं ते वेगळंच. त्या गाडीला 140/70 च ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रोफाइल मुद्दाम बदलण्यात अर्थ असतो तो लिटर क्लासच्या, म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या गाड्यांवर. 6 इंची रिमवर 190/50 काढून 190/55 घालणं ही जुनी, पारखलेली युक्ती आहे. रुंदी तीच राहते, साइडवॉल 95 वरून 104.5 मिलिमीटर होते, माथ्याची गोलाई वाढते आणि पूर्ण झुकल्यावर जास्त रबर जमिनीवर येतं. पण गाडी मागून साडेनऊ मिलिमीटर वर जाते, तेव्हा मागची राइड हाइट (सस्पेन्शनवरची गाडीची उंची) कमी करावी लागते किंवा बदललेलं स्टिअरिंग स्वीकारावं लागतं. शिवाय एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करतात. टायरच्या व्यासातला हा फरक तीन टक्क्यांच्या आसपास जातो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये तो साइझ मान्य आहे का ते आधी बघा. आकडा सारखा असला तरी दोन कंपन्यांच्या टायरची प्रत्यक्ष उंची थोडी वेगळी भरते, हेही ध्यानात असू द्या.

साइझ पक्का झाला की साइडवॉलवरची बाकीची अक्षरं वाचा. 66एच म्हणजे त्या टायरवर 300 किलो भार आणि ताशी 210 किलोमीटर वेग चालतो. व्ही म्हणजे 240, डब्ल्यू म्हणजे 270. मूळ टायरपेक्षा खालचं घेऊ नका. साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. "नवा स्टॉक" म्हणून तीन-चार वर्षं गोदामात पडलेला टायर गळ्यात मारला जातो, तो तिथेच परत करा. पुढे रेडियल असेल तर मागेही रेडियलच घ्या, आणि शक्यतो त्याच मॉडेलची जोडी ठेवा.

रबर कसं हवं, हे आपण कुठे चालवतो त्यावर. रोज हायवे असेल तर मधोमध कडक आणि कडेला मऊ असा ड्युअल कंपाउंड घ्या. नाहीतर मधला भाग लवकर सपाट होतो आणि वळणात घालताना त्या सपाट पट्ट्याच्या कडेवर गाडी अडखळते. पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोली करणाऱ्यांनी खाचा कमी असलेल्या ट्रॅक टायरच्या नादी लागू नये. तो गरम झाल्याशिवाय पकडत नाही आणि घाटातल्या पावसात गरम होत नाही.

बसवताना डिस्कवर चाक आडवं टाकू देऊ नका, डिस्क वाकते. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना बघा, व्हॉल्व्ह नवा घाला. हवा भरल्यावर बीडजवळची बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती आत बुडालेली असेल तर बीड बसलेला नाही. हवा सोडून साबणपाणी लावून पुन्हा भरायची. मग बॅलन्सिंग. चाक चढवल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चेनचा ढिलेपणा लावा, ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळा, आणि टायर हगरला (चाकाला लागून असलेल्या मडगार्डला), चेनला, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना ते हाताने फिरवून तपासा. मागचा ब्रेक दोन-चार वेळा दाबून पॅड जागेवर आणल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावर कारच्या हिशेबाने भरली जाते, तिकडे लक्ष ठेवा. पहिले दीडशे किलोमीटर टायर निसरडा असतो. रोज थोडं थोडं जास्त झुकवत कडांपर्यंत जा, आणि त्या काळात ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर ब्रेक जपून लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पुन्हा मोजा: 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर व्हॉल्व्ह किंवा बीड गळतोय.