गेमचं शिबिर: आधी वही, मग संगणक
मे महिन्यात मराठवाड्यात पोरांचं गेम बनवण्याचं शिबिर घेताय? वर्ग सकाळी 7.30 ते 10.30 ठेवा, दुपारी उन्हानं पोरं पेंगतात, अन् लाईटचा भरवसा नसतो. स्क्रॅचचं (ठोकळे जोडून गेम बनवायचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन ॲप आधीच टाकून ठेवा, नेट गेलं तरी अडत नाही.

पहिला दिवस मात्र चौकटीच्या वहीचा. दौलताबादचा किल्ला लेव्हल म्हणून काढायला सांगा: खंदक, अरुंद पूल, मग अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. शत्रूला चकवायला केलेली ती वाट म्हणजे तयार भूलभुलैयाच! शेजारच्यानं कागदावर बोट फिरवून खेळून बघायचं. जिथं तो अडकला किंवा कंटाळला, तिथंच दुरुस्ती. पुढं संगणकावर दोघंच बसवा (तिसरा खिडकीबाहेरच बघतो), दर 20 मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हातात.